मुद्देमालातला पाण्याचा कॅन

नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, अपघात पुष्कळ पाहिले आणि त्यातले बरेचसे विसरलो. लोकांना वाटतं, पोलिसाला मोठमोठे गुन्हे आठवत असतील. मला मात्र एक पाण्याचा कॅन आठवतो. त्या दिवसाचा विषय निघाला की मी आधी हसतो आणि मग थोडा ओशाळतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. सगळी मंडळी हयात आहेत, आणि त्यातली एक मला अजून मासे विकते.

मी तेव्हा पनवेलमधल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे लोक सुटले होते, चहा आला होता. तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, एका सोसायटीच्या गेटवर ॲसिड फेकलंय. ॲसिड हा शब्द ऐकल्यावर चहा प्यायचा नसतो. जीप काढली, सोबत एक हवालदार आणि एक महिला शिपाई घेतली आणि दहा मिनिटांत तिथे पोचलो.

गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत सोसायटीचे चेअरमन बसले होते. वय साठीचं, अंगात इस्त्रीचा शर्ट, तो छातीपर्यंत ओला. दोन्ही डोळे भज्यांसारखे फुगलेले. त्यांच्याभोवती दहा-बारा रहिवासी आणि तितकेच सल्ले. कुणी दूध घाला म्हणत होतं, कुणी तूप. मी त्यांना ताबडतोब रुग्णालयात पाठवायला सांगितलं. जाता जाता चेअरमनसाहेबांनी हवेत बोट रोखलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं, त्यामुळे ते बोट एका रिक्षावाल्याकडे गेलं, पण तोंडाने ते म्हणाले, "तिनेच टाकलं. त्या कोळणीने."

ती कोळीण पलीकडे शिरीषाच्या झाडाखाली आपल्या पाटीमागे बसली होती. पन्नाशी उलटलेली, केसांत अबोलीचा गजरा. पळून जायचा तिचा काही विचार दिसत नव्हता. शेजारी पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन होता, मासे ओले ठेवायला पाण्याने भरलेला. आता तो अर्धा रिकामा होता.

चौकशीत जे कळलं ते असं. ही सोसायटी उभी राहिली त्याच्या आधीपासून त्या झाडाखाली या बाईची सासू मासे घेऊन बसायची. सासूनंतर ही बसू लागली, आणि पुढे सुनेला तिथेच बसवायचा तिचा बेत होता. चेअरमनसाहेबांना मात्र गेट स्वच्छ हवं होतं. त्यांनी नगरपालिकेकडे तीन अर्ज केले होते. एरवी माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचं वेड. पहाटे पूजेसाठी जास्वंदी तोडणाऱ्यांना पकडायला त्यांनी कॅमेरे बसवले होते, आणि त्यातला एक या बाईवर नजर ठेवण्यासाठी गेटकडे वळवून घेतला होता. आदल्याच दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यात बाई म्हणाली होती, "माज्या पोटावं पाय देतोस, तुजं डोलं जातील." हे अर्ध्या सोसायटीने ऐकलं होतं. आणि चोवीस तासांच्या आत डोळे गेले होते. कमिटीतल्या एका सभासदाने मला बाजूला घेऊन विचारलं, इथे जादूटोण्याचा कायदा लागेल का? मी म्हटलं, आधी ॲसिडचं बघू.

वॉचमन म्हणाला, साहेब खाली आले, बाईला उठ म्हणाले, आणि बाईने कॅन उचलून त्यांच्या तोंडावर मारला. सेक्रेटरींनी मोबाइलवर कॅमेऱ्याची क्लिप दाखवली. तीस सेकंदांची. सुरुवातच कॅन उचलण्यापासून. बाई कॅन उचलते, चेअरमनच्या तोंडावर पाणी ओतते, चेअरमन नाचतात. त्याच्या आधी काय झालं, हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. पुरावा आयता समोर आला की पोलीससुद्धा आळशी होतो.

तरी मी कॅनचं झाकण उघडून वास घेतला. पाण्याचा वास होता, म्हणजे माशांचा. पण तळाशी काय असेल सांगता येत नाही, असं स्वतःला समजावून तो ताब्यात घेतला. बाईला ठाण्यात चला म्हटलं. तिने पाटी उचलली.

"पाटी राहू द्या," मी म्हटलं.

"मासं कुनाच्या भरवशावं सोरू?" ती म्हणाली. पाटी जीपमध्ये आली. पुढचे पंधरा दिवस त्या जीपमागे मांजरी फिरत होत्या.

ठाण्यात महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिची विचारपूस सुरू केली. मी तिला मावशी म्हणत होतो, कारण ओरडून माहिती निघत नाही हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

पाणी मारलंत का? मारलं. कॅनमध्ये काय होतं? पाणी. दुसरं काही? काय नाय. मग त्यांचे डोळे कशाने सुजले? यावर ती गप्प. बरं, पाणी तरी का मारलंत? पुन्हा गप्प. रागाने मारलंत का? गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझं एक ठाम मत होतं. निर्दोष माणूस बडबडतो. ज्याच्या पोटात काही असतं तोच गप्प बसतो. हे मत मी नव्याने आलेल्या फौजदारांना चहा पाजून सांगायचो, आणि ते बिचारे मान डोलवायचे. त्या दिवशीही मी स्वतःशीच मान डोलावली. बाईला काहीतरी ठाऊक आहे आणि ती लपवते आहे, हे मी ओळखलं होतं. गंमत अशी की ते अगदी बरोबर होतं.

रुग्णालयातून निरोप आला की डोळ्यात काहीतरी दाहक गेलंय, नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील. तोवर गुन्हा नोंदवायचा की नाही, हे माझ्या टेबलावर लटकून राहिलं. ॲसिडचं कलम साधं नसतं. ते लागलं असतं तर बाईला लवकर जामीन मिळाला नसता, आणि ती सुटून येईपर्यंत झाडाखालची जागा गेली असती. तिची गेली म्हणजे सुनेचीही गेली. हे तिलाही कळत होतं. दर थोड्या वेळाने ती एकच विचारायची, "साहेब, माजी जागा कोन घेनार नाय ना?" तुरुंगाबद्दल तिने एकदाही विचारलं नाही.

दुपार होत आली तशी पाटीतल्या माशांची अडचण सुरू झाली. बाकड्याखाली पाटी, वर फिरणारा पंखा, बाहेर ऊन. बाई म्हणाली, बर्फ तरी द्या. सरबतवाल्याकडून बर्फ आला. मग एका शिपायाने सहज विचारलं, बोंबील ताजे आहेत का. ताजेच होते. मग मुद्देमाल कारकून उठला. मग पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेले एक गृहस्थ निवट्या घेऊन गेले, आणि पडताळणी विसरले. संशयित इसमाने ठाण्याच्या आवारात धंदा करणं कोणत्याच नियमात बसत नाही. मी केबिनमधून बाहेर येऊन तसं कडक शब्दांत बजावलं, आणि मग जिताडा संपला का ते विचारलं. संपला होता.

याच सुमारास एक निवृत्त शिक्षिका अर्ज घेऊन आल्या. अक्षर मोत्यासारखं, समास सोडलेला, आणि वर ठळक विषय: राहत्या घराबाहेरील झाडाची फांदी अज्ञात इसमाने मोडून नेल्याबाबत. त्यांच्या दाराबाहेर चिनी मातीच्या कुंडीत, पांढऱ्या खड्यांत, लाल रिबीन बांधलेलं एक झाड होतं. नेऱ्याकडच्या एका नर्सरीतून आणलेलं. नर्सरीवाल्याने त्याला पेन्सिल प्लांट म्हणतात आणि ते घरात भरभराट आणतं असं सांगितलं होतं. आणि खरोखर, झाड आल्यापासून त्यांच्या मुलाला चांगली नोकरी लागली होती, लग्न ठरलं होतं आणि जागेचं अडलेलं काम मार्गी लागलं होतं. सकाळी पाहतात तर सगळ्यात चांगली फांदी गायब.

मी म्हटलं, बाई, फांदीच्या चोरीची फिर्याद मी नोकरीत प्रथमच पाहतोय. त्या म्हणाल्या, "तुम्ही हसताय. वस्तूची किंमत मालकाला विचारायची असते, पोलिसाला नाही." वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. मी अर्ज ठेवून घेतला. त्यावरचा पत्ता त्याच सोसायटीचा होता. तो मी वाचला, आणि तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. बाई खुर्चीतून उठाव्यात एवढ्याचसाठी मी आमच्या हवालदाराला म्हटलं, यांच्यासोबत जाऊन जागा पाहून या.

हा हवालदार निवृत्तीला आलेला आणि फार काटेकोर माणूस. जागा पाहून या म्हटलं की तो जागेला हात लावून, मापून, टिपून यायचा. तासाभराने तो परतला तो हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन. त्याने कुंडीची उंची मोजली होती, मोडलेल्या जागेचा व्यास घेतला होता आणि नमुना म्हणून एक लहानशी कांडी स्वतःच्या हाताने मोडून आणली होती. ऊन भयंकर होतं. दारात उभं राहून त्याने टोपी काढली, हाताने कपाळाचा आणि डोळ्यांवरचा घाम पुसला, आणि मला अहवाल द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या वाक्याला त्याने एक डोळा चोळला. चौथ्या वाक्याला दोन्ही. मग तो म्हणाला, "साहेब, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतंय," आणि टेबलाचा कोपरा धरून खाली बसला. डोळे बघता बघता लाल झाले आणि फुगू लागले. मी ते डोळे सकाळीच पाहिले होते, फक्त दुसऱ्या माणसाच्या तोंडावर.

आम्ही सगळे जागच्या जागी उभे. तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला.

"चोलू नको रं! हात लावू नको!"

कोळीण उठली, दोन ढांगांत टेबलाशी आली. तिथे सकाळचा कॅन लेबल लावून ठेवलेला होता, पंचांच्या सह्या व्हायच्या होत्या. तिने तो उचलला, हवालदाराची हनुवटी वर केली आणि सगळं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतलं. बारा पोलिसांच्या देखत, लेबल लावलेल्या मुद्देमालासकट, सकाळचा गुन्हा तिने जसाच्या तसा पुन्हा केला. मुद्देमाल कारकून मधे पडायला धावला. खाली बसलेला हवालदार म्हणाला, "अडवू नका. ओता मावशी, ओता."

कॅन रिकामा झाला तशी तिने नळाखालून तो पुन्हा भरून आणायला लावला. दोन-तीन कॅन ओतून झाल्यावर ती थांबली. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ती हळूहळू मागे सरकत बाकड्यावर बसली आणि पदर पुन्हा बोटाला गुंडाळू लागली. चेहरा उतरला होता.

मी टेबलावरची पुडी उघडली. आत पेन्सिलीएवढी जाड हिरवी कांडी, पानं नाहीत, मोडलेल्या टोकाला दुधासारखा पांढरा थेंब. मी ती पाहिली आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शेर होता तो. माझं गाव घाटावर. आमच्या मळ्याला चारी बाजूंनी शेराचंच कुंपण होतं, कारण त्याला गुरं तोंड लावत नाहीत. लहानपणी आई रोज बजावायची, शेराचा चीक डोळ्यात गेला तर आंधळा होशील. ज्या झाडाची भीती घेऊन मी वाढलो, ते चिनी मातीच्या कुंडीत, पांढऱ्या खड्यांत, लाल रिबीन बांधून ठेवलंय असं ऐकल्यावर मला भरभराटीचं झाड वाटलं.

हवालदाराला रुग्णालयात पाठवलं आणि त्याच्यासोबत ती पुडी, नीट बांधून. डॉक्टरांचा फोन आला. दोन्ही रुग्णांना एकच त्रास आहे, याच झाडाचा चीक दिसतो, उपचार चालू आहेत आणि दृष्टी राहील. मग त्यांनी विचारलं, चेअरमनचे डोळे लगेच कुणी धुतले? मी म्हटलं, का? ते म्हणाले, धुतले नसते तर बुबुळाला जास्त इजा झाली असती. धुणाऱ्याचे आभार माना.

धुणारी समोर बाकड्यावर बसली होती. संशयित म्हणून.

आता सरळ काम राहिलं होतं. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं पूर्ण चित्रण मागवलं. त्यात स्पष्ट दिसत होतं: चेअरमन गेटवर येतात, बाईला उठायला सांगतात, खिशातून रुमाल काढून तोंड पुसतात, पुन्हा भांडतात, पुन्हा पुसतात. मग डोळे चोळतात, मग ओरडतात. आणि त्यानंतर बाई कॅन उचलते. त्यांनी स्वतः वळवून घेतलेल्या कॅमेऱ्याने त्यांचीच फिर्याद मोडून काढली होती.

रुमालाला चीक कसा लागला, एवढंच उरलं. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी बाल्कनीत डोकावलो तर तुळशीमागे, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, दह्याच्या डब्यात एक हिरवी कांडी खोचलेली. मी विचारलं, हे कुठून आणलं?

त्या माउलीने आढेवेढे न घेता सांगितलं. मुलाचं लग्न जमत नव्हतं, दोन स्थळं परत गेली होती. वरच्या बाईंचं झाड आल्यापासून त्यांच्याकडे सगळं सुरळीत होत होतं. म्हणून त्यांनीच यजमानांना तगादा लावला होता.

"मग बाईंकडे मागायची होती एक फांदी," मी म्हटलं.

"मागून आणलेलं लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "चोरूनच आणावं लागतं. हे नकोच म्हणत होते, मी किती दिवस मागे लागले तेव्हा आज रुमालात गुंडाळून आणली."

म्हणजे फुलं तोडणाऱ्यांना पकडायला कॅमेरे बसवणारा माणूस सकाळी तीन जिने चढून फांदी मोडून आला होता, आणि त्याच रुमालाने घाम पुसत लोकांना शिस्त शिकवायला गेटवर उतरला होता. मुलाच्या लग्नासाठी माणूस काय करत नाही. मला हसू आलं आणि त्यांची कीवही आली.

संध्याकाळी रुग्णालयात गेलो. चेअरमनसाहेबांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि फक्त एवढंच विचारलं, रुमाल कुठे आहे? त्यांनी चादर छातीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "साहेब, हे सोसायटीत कळलं तर मी राहायचं कुठे?" मी त्यांना एकच सांगितलं. ती बाई सकाळपासून ठाण्यात हेच विचारते आहे, की मी बसायचं कुठे. तुम्हाला ठाऊक होतं, सकाळी हाताला काय लागलं होतं. निदान शंका तरी यायला हवी होती. ते म्हणाले, शंका आली होती. पण ती सांगितली असती तर फांदीचंही सांगावं लागलं असतं.

दोन दिवसांनी काळा चष्मा लावून ते ठाण्यात आले आणि फिर्याद गैरसमजातून झाली असा जबाब दिला. शिक्षिकाबाईंची त्यांनी समोरासमोर माफी मागितली. बाईंनी माफ केलं, पण अर्जावर तसं लिहून द्यायला लावलं, आणि लिहिल्यावर दोन चुकाही दुरुस्त केल्या.

कोळणीला मी विचारलं, तुम्हाला काय हवं? भरपाई? ती म्हणाली, "कायबी नको. यांनी गेटवं उभं राहून चार मानसांत सांगावं, का हिनं पानी मारलं म्हनून माजं डोलं वाचलं." चेअरमनसाहेबांनी ते सांगितलं. फांदीचा भाग गाळला, पण बाकी सगळं सांगितलं. झाडाखालच्या जागेबद्दलचे तिन्ही अर्ज त्यांनी मागे घेतले. आज तिथे सून बसते आणि सासू बाजूला बसून तिच्या मापाला नावं ठेवते.

पण मला अडलं होतं ते वेगळंच. ठाण्यातून तिला सोडताना मी विचारलं होतं, "मावशी, तुम्ही त्यांचे डोळे बघूनच ओळखलं होतं ना? मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

ती आधी म्हणाली, आदल्या दिवशी मीच बोलले होते, डोळे जातील म्हणून. तोंडातनं गेलं व्हतं, मनातनं नाय. आणि खरंच जायला लागले तेव्हा आधी कॅन उचलला. मग ती पाटी डोक्यावर ठेवता ठेवता थांबली.

"आनि सांगायचं त कसं सांगू, साहेब? यो शेराचा चीक हाय असं मी बोलले असते, त तुमी इचारलं असतं, तुला कसं ठाऊक. आमच्या मिठागराच्या बांधावं शेर हाय. आमचं आजं खारीत मासं गुंगवून धराया यो चीक टाकीत. येवढं सांगितल्यावं तुमी काय बोलला असता? बोलला असता, मंग हिनंच टाकला."

मी अगदी तेच बोललो असतो.

तिला ठाऊक होतं म्हणून तिने डोळे वाचवले, आणि ठाऊक होतं म्हणूनच ती दिवसभर तोंड मिटून बसली. तिच्या गप्प बसण्याला मी गुन्हा समजलो. खरं तर तिला माझी भीती वाटत होती. वर्दीतल्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवत नाही, आणि वर्दी असेपर्यंत ती सहजासहजी कळतही नाही. फौजदारांना चहा पाजून सांगायचं ते मत मी त्या दिवसापासून सांगायचं बंद केलं. त्याऐवजी जबाब घेऊन झाला, सही व्हायची राहिली, की मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो. तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगितलं तर तुमच्यावरच येईल असं वाटतं, असं काही आहे का?

बहुतेक लोक नाही म्हणायचे. पण कधी कधी एखादा माणूस नाही म्हणण्याआधी जरासा थांबायचा. तो थांबला की मी पेन खाली ठेवायचो आणि दोन चहा सांगायचो.